शांततेत राबतं कोण?

1940 सालचा वसंत. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या लढाईतून पॉल मिल्नर नावाचा तरुण इंग्लंडला परत येतो तो एक पाय गमावून. युद्धापूर्वी तो पोलिसात होता. आता इस्पितळातल्या खाटेवर पडून आपण कुणाच्याच कामाचे उरलो नाही, हे तो स्वतःला पटवत असतो. त्याला भेटायला पोलीस अधिकारी ख्रिस्तोफर फॉयल येतो. सगळं ठीक होईल, असं तो म्हणत नाही. देशासाठी केलेल्या त्यागाबद्दल दोन शब्द बोलत नाही. डोळे ओलावत नाहीत, खांद्यावर हात पडत नाही. तो हातातल्या तपासाबद्दल बोलतो आणि आपल्याला चांगल्या सार्जंटची गरज आहे, हे मिल्नरच्या कानावर घालतो.

‘फॉयल्स वॉर’ या ब्रिटिश मालिकेच्या अगदी पहिल्या भागातला हा प्रसंग. ज्यांच्या ज्यांच्याशी या मालिकेबद्दल बोलणं झालं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं फॉयलविषयीचं मत ठरलेलं असतं: माणूस हुशार, सचोटीचा, पण माणसांत वावरण्याचं अंग त्याला नाही. काही जण त्याला घुमा म्हणतात, काही भावनाशून्य. हे मत मला मुळातच चुकीचं वाटतं. माणसांत वावरण्याचं कौशल्य म्हणजे काय, याची आपली सध्याची कल्पना किती उथळ झाली आहे, हेही त्यातून दिसतं. म्हणून या पात्राची बाजू जरा सविस्तर मांडावीशी वाटते. त्याची जिथे खरोखर चूक आहे, तीही लपवायची नाही.

मालिकेची ओळख थोडक्यात. अँथनी होरोविट्झने ती रचली; 2002 ते 2015 या काळात आयटीव्हीवर तिचे एकूण 28 भाग झाले. 2007 मध्ये वाहिनीने ती बंद करायचं ठरवलं होतं, पण प्रेक्षकांच्या मागणीमुळे ती 2010 मध्ये परत आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज हे गाव, समोर खाडीपलीकडे जर्मनांच्या ताब्यात चाललेला फ्रान्स. फॉयल तिथला डिटेक्टिव्ह चीफ सुपरिटेंडंट. पहिल्या महायुद्धात लढलेला, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, मुलगा अँड्र्यू हवाई दलात. फॉयलला युद्धाच्या कामात जायचं असतं, पण वरिष्ठ त्याला हेस्टिंग्जमध्येच राहायला सांगतात. तो गाडी चालवत नाही, म्हणून समांथा स्टुअर्ट ही एका पाद्र्याची बडबडी मुलगी चालक म्हणून त्याच्या पदरी येते. मायकल किचनने साकारलेला फॉयल इतकं कमी बोलतो, की एवढ्या बोलण्यावर दीड तासाचा भाग उभा राहतो कसा, याचंच नवल वाटतं. स्वतः होरोविट्झने सांगितलं आहे, की किचन आपल्या तोंडची वाक्यं वाढवून मागण्याऐवजी कमी करून मागायचा. जे चेहऱ्याने सांगता येतं ते शब्दांनी कशाला, हा त्याचा हिशेब.

आपल्याकडे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाने जे वर्ग गावोगाव चालतात, त्यांत काय शिकवतात ते आठवून पाहा. नजरेला नजर भिडवा, हस्तांदोलन घट्ट करा, समोरच्याला आपलं नाव लक्षात राहील असं काहीतरी बोला, शांतता पडली तर ती भरून काढा. हे सगळे सल्ले बोलणाऱ्याविषयी आहेत. समोरचा माणूस त्यांत फक्त प्रेक्षक. त्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला, त्याला सोयीचं होईल तेवढंच बोलायला, त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्यायला कुणी शिकवत नाही. या वर्गांतून अबोल मुलं ‘सुधारून’ बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्याकडे आधी असलेली एखादी चांगली गोष्ट त्यांनी तिथेच सोडून दिलेली असते, असं मला नेहमी वाटतं.

अबोलपणा म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, हे मानसशास्त्राने कधीच सांगितलं आहे. जोनाथन चीक आणि आर्नोल्ड बस यांनी 1981 मध्ये लाजाळूपणा आणि माणसांची आवड या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. ज्याला माणसांची भीती वाटते त्याला माणसं नकोच असतात, असं नाही. ज्याला माणसं फारशी नको असतात तो त्यांना घाबरतोच, असंही नाही. फॉयल लाजाळू नाही. लॉर्डच्या वाड्यात आणि मोलकरणीच्या स्वयंपाकघरात तो सारख्याच स्वरात आपलं नाव सांगतो, पोलिसात असल्याचं सांगतो. हुद्दा सांगत नाही. वरच्यापुढे वाकणं नाही, खालच्यावर गुरकावणं नाही. इंग्लंडसारख्या वर्गभेदाने पोखरलेल्या समाजात, तेही 1940 साली, हे किती अवघड असेल याची कल्पना करून पाहा. ज्याला माणसं कळत नाहीत त्याला हे जमणार नाही.

आता त्याच्या गप्प राहण्याकडे जरा बारकाईने पाहू. संभाषणात एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा किती वेळाने बोलू लागतो, याचा 2009 मध्ये दहा भाषांत अभ्यास झाला. भाषांमध्ये थोडा फरक सापडला, पण सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण आपलं वाक्य तयार ठेवलेलं असतं. एवढ्याशा अंतराची सवय असलेल्या माणसाला दोन-तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. ती कुणीतरी भरावी लागते. फॉयल प्रश्न विचारतो, उत्तर येतं, आणि तो आपली पाळी घेत नाही. तोंडाचा एक कोपरा किंचित दाबतो, मान थोडी तिरकी करतो, वाट पाहतो. समोरचा अस्वस्थ होतो आणि आणखी एक वाक्य बोलतो. बहुतेक वेळा त्याला बोलायचं नव्हतं तेच ते वाक्य असतं.

ही केवळ पटकथेची युक्ती नव्हे. त्या काळच्या इंग्लंडात पोलिसांना संशयितांशी कसं वागावं याची बंधनं होती. 1912 मध्ये न्यायाधीशांनी घालून दिलेले आणि पुढे 1918 मध्ये वाढवलेले ‘जजेस रूल्स’ लागू होते. ताब्यातल्या माणसाला सावधगिरीची सूचना द्यायची, त्याने स्वखुशीने दिलेल्या जबाबावर उलटतपासणी करायची नाही, असा त्यांचा रोख. नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात मग फारसं काही उरत नव्हतं. धाक नाही, प्रश्नांचा भडिमार नाही. माणसाला बोलावंसं वाटेल अशी जागा तयार करायची, एवढंच. फॉयलचा मितभाषीपणा त्याच्या स्वभावात असेलच, पण तो त्याच्या न्यायबुद्धीतही आहे. गुन्हेगाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, ही शिस्त आहे.

या शांततेत कष्ट कोण करतं, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शांतता रिकामी नसते. तिचा अर्थ लावावा लागतो, तिच्यात सावरावं लागतं, तिच्यातून वाट काढावी लागते. तपासात फॉयल गप्प असतो तेव्हा राबणारा तोच असतो. तो पाहत असतो, ताडत असतो, आधीच्या जबाबाशी पडताळत असतो, आणि समोरचा दुःखात असेल तर त्याला किती वेळ द्यायचा हेही ठरवत असतो. मिल्नरच्या खाटेशेजारी त्याने केलं ते हेच. सांत्वन केलं असतं तर मिल्नरला ते स्वीकारण्याचे, धीरोदात्त दिसण्याचे, आभार मानण्याचे कष्ट पडले असते. पाय गेलेल्या माणसाला पाहुण्यांच्या हळहळीची सरबराई करावी लागते, हे आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. फॉयलने ते ओझं त्याच्यावर टाकलंच नाही. घरी बायको जेन त्याच्या कृत्रिम पायाकडे बघूही शकत नाही. कचेरीत मात्र त्याच्याकडून काम मागितलं जातं. याला भावनाशून्य म्हणणाऱ्यांनी मिल्नरच्या जागी बसून पाहावं.

हल्ली अशा पात्रांवर घरबसल्या निदान करण्याची सवय फार वाढली आहे. कमी बोलला की लगेच स्वमग्नतेचं लेबल. या बाबतीत ‘द ब्रिज’ या स्वीडिश-डॅनिश मालिकेतली सागा नोरेन आठवते. 2011 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत सोफिया हेलिनने साकारलेली सागा सामाजिक संकेत ओळखू शकत नाही. विनोद तिच्या डोक्यावरून जातो, मनात येईल ते ती बोलून मोकळी होते. मालिकेने तिला निदानाचा शिक्का मात्र कधीच मारला नाही, आणि ते मला योग्य वाटतं. फॉयल आणि सागा बाहेरून सारखे अलिप्त दिसतात; आतून ते एकमेकांच्या उलट आहेत. सागाला न बोललेलं ऐकू येत नाही. फॉयलला फक्त तेच ऐकू येतं. आणि तरीही, कष्टांच्या मापाने मोजलं तर सागा मुळीच उणी पडत नाही. इतरांना जे आपोआप जमतं ते ती पुस्तकं वाचून, विचारून, नियम पाठ करून शिकत असते. मित्र राहायला येतो तेव्हा एकत्र राहायचं कसं याचा ती अक्षरशः अभ्यास करते. माणसांसाठी इतकी धडपड करणारीला ‘सामाजिक कौशल्य नाही’ एवढं म्हणून निकालात काढणं अन्यायाचं आहे.

फॉयलची बाजू घेताना एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. त्याची शांतता खोल वाटते, कारण तिच्या मागे हुद्दा आहे. चीफ सुपरिटेंडंट गप्प बसला तर समोरच्याला घाम फुटतो. तीच शांतता एखाद्या कारकुनाने किंवा मोलकरणीने पाळली असती तर तिला उर्मटपणा किंवा मठ्ठपणा म्हटलं गेलं असतं. सॅमने (समांथाला सगळे सॅमच म्हणतात) फॉयलसारखं वागून पाहावं! पुरुषाच्या, तेही अधिकारावरच्या पुरुषाच्या अबोलपणाला जगाने आधीपासून मोठेपणा बहाल केलेला आहे. फॉयलला त्याचा फायदा मिळतो.

आणि सॅमशिवाय हा फॉयल उभाच राहत नाही. हनीसकल वीक्सने रंगवलेली ही मुलगी सतत बोलते, सतत भुकेली असते, नको तिथे नाक खुपसते. तिच्या बोलण्याने दारं उघडतात, मग फॉयल आत जाऊन गप्प बसतो. गाडीतल्या प्रवासात तिची टकळी चालू असते, तो खिडकीतून बाहेर पाहतो आणि मधूनच एखादा असा शब्द टाकतो की ती हसते. त्याचा विनोद इतका कोरडा आहे की लक्ष नसेल तर निसटतो. पण संभाषणाला ऊब देण्याचं काम तिचं. तिचे वडील तिला घरी न्यायला हेस्टिंग्जला येतात आणि अखेर तिला तिथेच राहू देतात. तिथे आपण कामाच्या आहोत, हे तिला फॉयलने कधी भरभरून सांगितलेलं नसतं, तरी तिला ते पुरेपूर ठाऊक असतं. फॉयलच्या बाजूने मी एवढंच म्हणेन, की तो तिचं बोलणं कधी तोडत नाही. तिच्या बडबडीतून निघालेला धागा तो उचलतो आणि तो तिचा होता हे विसरत नाही. मोठ्या आवाजात कौतुक करणाऱ्या किती वरिष्ठांना एवढं जमतं?

मग तो कमी पडतो कुठे? घरात.

अँड्र्यू स्पिटफायर उडवतो. ‘एनिमी फायर’ या भागात, 1941 च्या सुरुवातीला, तो पार थकलेला आहे. एकामागून एक मोहिमा, एकामागून एक मेलेले मित्र. त्याच भागात होरपळलेल्या वैमानिकांचे चेहरे पुन्हा घडवणारं एक इस्पितळ आहे. ते काल्पनिक असलं तरी ईस्ट ग्रिनस्टेडला आर्चिबाल्ड मॅकिंडोने चालवलेल्या खऱ्या विभागाची आठवण करून देणारं. तिथल्या रुग्णांनी 1941 मध्ये स्वतःला ‘गिनी पिग क्लब’ असं नाव दिलं होतं. आपलं काय होऊ शकतं हे अँड्र्यूसारख्यांना ठाऊक होतं. तो खचतो आणि तळ सोडून निघून जातो. वडील त्याच गावात असतात. अख्ख्या इंग्लंडात माणसांना बोलतं करण्यात ज्याच्या तोडीचा कुणी नाही असा बाप. आणि पोरगा जाऊन लपतो तो सॅमच्या खोलीत.

मला हा प्रसंग सबंध मालिकेतला सर्वांत खरा वाटतो. फॉयल वाईट बाप नाही. त्याचं मुलावर अपार प्रेम आहे, दोघांत थट्टा चालते, एकत्र मासे पकडणं होतं. पण जी शांतता अनोळखी माणसाला मोकळं करते, तीच मुलाला दारातून परत फिरवते. असं का व्हावं? मला वाटतं, फॉयलची ऐकण्याची ताकद एका अटीवर उभी आहे. समोरच्याकडून त्याला स्वतःसाठी काही नको असतं. संशयिताकडून त्याला सत्य हवं असतं, पण ते सत्य अमुकच असावं असा त्याचा आग्रह नसतो. मुलाच्या बाबतीत असं निःसंग राहता येत नाही. त्याने जगावं, परत यावं, खचू नये, हे सगळं त्याला प्राणांतिक हवं असतं. भीती असली की माणूस ऐकत नाही, स्वतःला सावरत बसतो. मग शांतता तशीच दिसते, पण तिच्यातले कष्ट दुसऱ्याच्या वाट्याला जातात. बाबांना काय वाटतंय, रागावलेत की घाबरलेत, याचा अर्थ अँड्र्यूने लावायचा. रोज मृत्यूशी गाठ असलेल्या पोराने.

फॉयलच्या पिढीला गप्प राहण्याचं शिक्षण दोन युद्धांनी दिलं होतं, हे खरं. खंदकातून परतलेल्या माणसांनी जे पाहिलं ते घरी सांगितलं नाही. पुढे 1940 मध्ये तर सरकारनेच निष्काळजी बोलण्याने जीव जातात, असं बजावणारी भित्तिपत्रकं लावली. फुगास या नावाने चित्रं काढणाऱ्या सिरिल केनेथ बर्डने बसमधल्या बायकांच्या मागे बसून कान टवकारणारा हिटलर काढला. गप्प राहणं हे देशकार्य झालं. पण कारण समजलं म्हणून किंमत कमी होत नाही.

महाराष्ट्राच्या दारात युद्ध आलं नव्हतं, पण हा बाप मराठी घरांना अनोळखी नाही. न बोलणारे वडील आणि त्यांच्या न बोलण्याचं भाषांतर करून मुलांना सांगणारी आई, हे कितीतरी घरांचं चित्र आहे. ‘त्यांच्या मनात तसं नाही रे’ हे वाक्य आयांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं. अशा वडिलांचं आपण कौतुक करतो: फणसासारखे, बाहेरून काटेरी, आतून गोड. कौतुक करताना तो फणस आयुष्यभर कुणी सोलला, कुणाचे हात चिकाने माखले, हे मात्र विचारत नाही. फॉयलची बायको नाही. म्हणून त्याच्या घरात भाषांतर करणारं कुणीच नाही, आणि अँड्र्यू सॅमकडे जातो. त्याला दुभाषी हवी होती.

म्हणूनच मितभाषी माणसाचं सरसकट गौरवीकरणही मला मान्य नाही, सरसकट निदानही नाही. फॉयल एकाच आठवड्यात, एकाच चेहऱ्याने, एकीकडे माणसं वाचवतो आणि दुसरीकडे पोटच्या मुलाला एकटं टाकतो. कौशल्य त्याच्याकडे भरपूर आहे. ते प्रत्येक नात्यात सारखं चालत नाही, इतकंच.

बोलायची वेळ आली की तो बोलू शकतो, हेही मालिकेने दाखवलं आहे. ‘फिफ्टी शिप्स’ या भागात खुनी सापडतो. हॉवर्ड पेज हा अमेरिकन उद्योगपती. ज्या वाटाघाटींतून ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका मिळाल्या, त्या वाटाघाटींच्या काळातला बडा माणूस. देशाला अमेरिकेची गरज आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही, असं ठरतं. तेव्हा निघालेल्या पेजला फॉयल आवाज न चढवता सांगतो, की हे युद्ध कधीतरी संपेल आणि मग मी तुझ्यामागे येईन. प्रत्येक शब्द मोजलेला. युद्ध संपल्यावर तो खरोखरच अमेरिकेला जातो. एवढा वेळ गप्प राहणाऱ्या माणसाचं बोलणं इतकं वजनदार का वाटतं? तो शब्द उगाच खर्चत नाही म्हणून, आणि दिलेला शब्द पाळतो म्हणूनही. पण शत्रूपुढे मन मोकळं करणं त्याला सोपं जातं, हेही इथे दिसून येतं. पेजपुढे गमावण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

2010 च्या ‘द हाइड’ या भागात मालिका त्याला त्याच्याच हत्याराने घेरते. युद्ध संपलं आहे. जेम्स डेव्हरो हा तरुण ‘ब्रिटिश फ्री कोअर’मध्ये, म्हणजे जर्मनांनी ब्रिटिश युद्धकैद्यांमधून उभारलेल्या तुकडीत, सामील झाल्याच्या आरोपावरून राजद्रोहाच्या खटल्याला सामोरा जातो आहे. शिक्षा फाशीची, आणि तो स्वतःच्या बचावासाठी तोंड उघडायला तयार नाही. फॉयल या खटल्यात गरजेपेक्षा जास्त गुंततो. जेम्सची आई ही फॉयलची फार जुनी प्रीती होती, आणि हा मुलगा फॉयलचाच असावा, असं मालिका सुचवते. आता गप्प बसून वाट पाहण्याचा मार्ग बंद आहे, कारण समोरचाही तेच करतो आहे, मरेपर्यंत करणार आहे. फॉयलला खटपट करावी लागते, जुन्या गोष्टी उकराव्या लागतात, दारं ठोठावावी लागतात. तो मुलाचा जीव वाचवतो.

प्रेक्षकाला मात्र त्या नात्याबद्दल सरळ उत्तर मिळत नाही. अनेकांना हा भाग मालिकेतला सर्वांत तरल वाटतो, आणि अभिनय म्हणून तो तसा आहेही. किचनच्या चेहऱ्यावर जे येतं-जातं ते पाहत राहावं असं आहे. पण मला तिथे फॉयलचा राग येतो. आपल्याला, पाहणाऱ्यांना, ही संदिग्धता गोड वाटते, कारण आपल्याजवळ त्याचा चेहरा जवळून दाखवणारा कॅमेरा आहे आणि त्याला ओळखायला कितीतरी तास मिळालेले आहेत. जेम्सजवळ यांतलं काहीच नाही. त्याच्यापुढे एक अनोळखी पोलीस अधिकारी आहे, ज्याने आपल्यासाठी इतकं का केलं, हे त्याने स्वतःच शोधून काढायचं आहे.